कॅलस: कलमात, हाडात आणि तळपायात काय करायचं

कॅलस हा शब्द कानावर पडला की आधी एवढंच ठरवा: समोरचा कॅलस जखमेतून वाढलेला जिवंत आहे, की दाबाखाली साचलेल्या मृत पेशींचा थर आहे. कलमाच्या सांध्यात आणि मोडलेल्या हाडाभोवती येतो तो पहिल्या प्रकारचा. त्याला स्थैर्य आणि वेळ लागतो; झाडात ओल लागते, हाडात रक्तपुरवठा. तळपायाचा किंवा तळहाताचा घट्टा दुसऱ्या प्रकारचा. तिथे आधी दाब कमी करावा लागतो, नुसता खरवडून तो जात नाही. या दोन्हींची गल्लत झाली की मोडलेल्या हाडाला मालीश होतं आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या पायावर ब्लेड चालतं.

झाडात कॅलस कुठून येतो

साल आणि लाकूड यांच्यामध्ये कॅम्बियमचा पातळ, ओलसर, निसरडा थर असतो. काप घेतला की त्याच्या आणि आसपासच्या जिवंत पेशी पुन्हा विभागू लागतात आणि कापावर पांढरट, दाणेदार, मऊ ऊती दिसू लागते. सुरुवातीला तिच्यात ना सालीची रचना असते ना लाकडाची. पुढे तिच्यातूनच नवं कॅम्बियम आणि पाणी-अन्न वाहणाऱ्या नव्या नलिका घडतात.

नारळ, सुपारी, केळी, बांबू यांना असं कॅम्बियम नसतं. म्हणूनच चढण्यासाठी नारळाच्या खोडाला पाडलेल्या खाचा झाड असेपर्यंत तशाच राहतात आणि पाणी साचून तिथे कीड-कुज शिरते. आंब्याची जखम कडेकडेने भरत येते, माडाची येत नाही. माडावर कोयता चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

कोय कलम: कॅलसने फट भरायला हवी

कोकणात जून ते ऑगस्ट हा आंब्याच्या कोय कलमाचा हंगाम, आणि त्याला कारण आहे. कॅलसच्या पेशी पातळ भिंतींच्या असतात, त्यांच्यावर मेणाचं आवरण नसतं. कोरड्या हवेत त्या काही तासांत मरतात. दमट हवा आणि २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान त्यांना मानवतं. पाऊस लांबला आणि हवा कोरडी राहिली तर शेडनेटखाली, दिवसातून दोन-तीनदा फवारा मारून काम करा.

खुंट (ज्यावर काडी बसवायची ते खालचं रोप) म्हणून कोय रुजून १० ते १५ दिवस झालेलं, पानं अजून तांबूस असलेलं रोप घ्या. पानं हिरवी होऊन खोड टणक झालं की यश घटतं. कलमकाडी ३ ते ४ महिने वयाची, १० ते १५ सेंमी लांब, खुंटाच्या जाडीची, शेंड्याचा डोळा फुगलेला पण न फुटलेला अशी हवी. काडी काढण्याआधी ८ ते १० दिवस तिची पानं थोडा देठ ठेवून कापून टाका. डोळा फुगतो, उरलेले देठ स्पर्शाने गळतात. तेव्हा काडी तयार समजावी.

रोप कोयीपासून ७ ते ८ सेंमी उंचीवर आडवं कापा आणि मधोमध सुमारे ४ सेंमी खोल उभी खाच द्या. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचा उतरता काप देऊन पाचर करा. प्रत्येक काप एकाच ओढीत आणि सपाट आला पाहिजे. चाकू बोथट असला की काप लाटेसारखा येतो, मध्ये फटी राहतात आणि त्या भरून काढण्याआधीच कॅलस सुकतो. पाचर तयार झाल्यावर ती बोटांनी पुसू नका, तोंडात धरू नका, लगेच खाचेत बसवा. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मध्यभागी न बसवता एका कडेला सरकवा. दोन्हींच्या साली निदान एका बाजूला नेमक्या जुळल्या तर कलम जगतं. दोन्ही बाजूंना थोडी थोडी चुकली तर कलम बहुधा जातं.

दीड ते दोन सेंमी रुंद प्लॅस्टिक पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळा. पट्टीचं काम हवा रोखणं आणि सांधा हलू न देणं, दोन्ही आहे. वर पातळ प्लॅस्टिकची टोपी घाला, सावलीत ठेवा. पाणी पिशवीतल्या मातीला द्या, सांध्यावर ओतू नका.

आता सगळ्यात फसवणारी गोष्ट. दोन-अडीच आठवड्यांत डोळा फुटतो आणि कलम लागलं असं वाटतं. पण काडीत साठलेल्या अन्नावरही डोळा फुटतो, सांधा जुळलेला नसतानाही. अशी कलमं चौथ्या-पाचव्या आठवड्यात अचानक मान टाकतात. म्हणून पहिली पानं तांबूस रंग सोडून हिरवी आणि ताठ होईपर्यंत कलम मोजणीत धरू नका, विकायलाही काढू नका. टोपी डोळा फुटताच काढायची, पट्टी मात्र दोन-तीन महिन्यांनी, ती खोडात रुतायच्या आत. सांध्याच्या खालून येणारे फुटवे दिसतील तसे खुडा.

बोर्डो पेस्ट या सांध्याला लावू नका. तांबं बुरशी मारतं तसं उघड्या कॅलसच्या पेशीही मारतं. पेस्टची जागा वेगळी आहे: मोठी फांदी कापल्यावरच्या लाकडाच्या तोंडावर. १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून एकत्र करा, एकूण पाणी १० लिटर. लोखंडाचं भांडं नको. तयार पेस्टमध्ये चकचकीत पातं बुडवून पाहा; त्यावर तांब्याचा थर चढला तर चुना कमी पडलाय. पेस्टमुळे जखम लवकर भरत नाही, फक्त कापातून शिरणाऱ्या बुरशीला अटकाव होतो. जखम भरते ती फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर वळ्यामुळे. तो वळा राखून, त्याच्या लगेच बाहेर कापा. खोडाला घासून सपाट कापलं तर वळाच जातो. ठुणका ठेवला तर कॅलसला तो ओलांडता येत नाही आणि ठुणका आत कुजतो.

गुटी कलम: इथे कॅलस जुळू द्यायचा नाही

डाळिंबाच्या गुटीत, म्हणजे झाडावर असतानाच फांदीला मुळं फोडायच्या कलमात, काम नेमकं उलटं आहे, आणि बहुतेक फसलेल्या गुट्या इथेच फसतात. पेन्सिलएवढ्या जाड, साधारण एक वर्षाच्या फांदीवर अडीच ते तीन सेंमी रुंदीचं सालीचं कडं काढा. साल निघाल्यावर लाकडावर जो बुळबुळीत थर राहतो तो कॅम्बियम. चाकूच्या पाठीने तो सगळीकडून खरवडा आणि कोरड्या फडक्याने पुसा. थोडा जरी राहिला तरी त्यातून कॅलस वाढून वरची-खालची साल पुन्हा जुळते. दोन महिन्यांनी गुटी उघडावी तर फांदी ठणठणीत आणि मूळ एकही नाही. कडं एक सेंमीचंच ठेवलं तरी हेच होतं, कारण तेवढं अंतर कॅलस सहज ओलांडतो.

कड्याच्या वरच्या काठावर २००० ते २५०० पीपीएमचं (दहा लाख भागांत इतके भाग) आयबीए हे मुळं फुटवणारं संप्रेरक लावा, पानांतून उतरणारं अन्न तिथेच अडतं आणि मुळं तिथूनच फुटतात. मॉस (वाळवलेलं शेवाळ) रात्रभर भिजवा, मूठ घट्ट दाबून पाणी काढा, मूठभर मॉस गुंडाळून पारदर्शक प्लॅस्टिकने दोन्ही टोकं आवळून बांधा. खालचं टोक सैल राहिलं तर मॉस वाळतं, वरचं सैल राहिलं तर पावसाचं पाणी शिरून कॅलस काळा पडतो. ४५ ते ६० दिवसांत प्लॅस्टिकमधून तपकिरी झालेली मुळं दिसतात. पांढरी मुळं दिसताच घाई करू नका. आधी कड्याखाली अर्धा काप द्या, आठवडाभराने पूर्ण तोडा आणि सावलीतल्या पिशवीत लावा.

छाटाची काडी: कॅलस आला, मूळ आलं नाही

अंजिराची काडी २० ते २५ सेंमी लांब, तीन-चार डोळ्यांची घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, सपाट; वरचा डोळ्याच्या सेंमी-दीड सेंमी वर, तिरपा. उलटी काडी लागत नाही, म्हणून कापांचा हा फरक कायम ठेवा. अंजिराला चीक येतो, तो पाण्यात धुऊन काडी थोडी निथळू द्या.

आयबीए पाण्यात सरळ विरघळत नाही. १०० मिली द्रावणासाठी २५० मिलिग्रॅम आयबीए ५० मिली अल्कोहोलमध्ये विरघळवा आणि मग पाणी घालून १०० मिली करा. हे २५०० पीपीएम झालं. काडीचं खालचं दोन सेंमी टोक ५ ते १० सेकंदच बुडवायचं. मिनिटभर ठेवलं तर टोक काळं पडून कुजतं. अल्कोहोल उडू द्या आणि मग कोकोपीट व जाड वाळूच्या समान मिश्रणात लावा. मूठ दाबल्यावर एक-दोन थेंब येतील एवढीच ओल. पाणी साचलं की हवा संपते, आणि कॅलसला हवा लागतेच.

दोन-तीन आठवड्यांनी टोकाला पांढरा दाणेदार वेढा दिसेल. तो मुळांची हमी देत नाही. बऱ्याच झाडांत मुळं कॅलसमधून येतच नाहीत, सालीच्या आतल्या थरातून स्वतंत्रपणे निघतात. दोघांना एकच परिस्थिती मानवते म्हणून ती बरोबर दिसतात, एवढंच. त्यामुळे कॅलस आहे आणि मूळ नाही अशी काडी फेकू नका. काडी टणक आणि हिरवी असेल तर थांबा. गोळा सुपारीएवढा मोठा, कडक झाला आणि मूळ नाहीच, तर धारदार पात्याने त्याचा थोडा भाग पातळ छिलून पुन्हा आयबीएत बुडवा. अशा वेळी माध्यमाचा सामूही (पीएच) तपासा. चुनखडीच्या वाळूत सामू वर जातो आणि कॅलस कडक होतो. धुतलेली नदीची वाळू वापरा.

चाफा, शेर, निवडुंग यांना उलट वागवावं लागतं. त्यांची काडी कापल्या कापल्या ओल्या मातीत खुपसली तर कुजते. सावलीत, वाऱ्यावर ५ ते १० दिवस आडवी ठेवा. काप कोरडा, खडबडीत झाला की लावा, आणि पहिला आठवडा पाणी देऊ नका.

द्राक्ष आणि गुलाबात एक ओळख पक्की हवी. जमिनीलगत खोडावर किंवा कलमाच्या सांध्यावर खडबडीत गाठ महिनोन्‌महिने वाढत राहिली, जखम भरून गेल्यावरही थांबली नाही, तर तो कॅलस नाही. ती क्राऊन गॉल, ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूची गाठ. हा जिवाणू आपल्या जनुकांचा तुकडा झाडाच्या पेशीत घालतो, त्यामुळे पेशी स्वतःच वाढीची संप्रेरकं बनवत सुटतात. गाठ छाटून उपयोग नाही. रोपवाटिकेतलं रोप मुळासकट काढून जाळा, त्यावरून काड्या घेऊ नका, आणि सिकेटर (छाटणीची कात्री) प्रत्येक झाडानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

बाटलीतला कॅलस

कॉलेजच्या प्रयोगशाळेत कॅलस बनवायचा असेल तर गाजर सगळ्यात सोपं. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली दिलेलं एमएस माध्यम घ्या: लिटरला ३० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम अगार, सामू ५.८, आणि १ ते २ मिलिग्रॅम २,४-डी (कृत्रिम ऑक्सिन). ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं. गाजर साबणाने धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर, मग सोडियम हायपोक्लोराइटच्या १ ते २ टक्के द्रावणात १० ते १५ मिनिटं ठेवा आणि निर्जंतुक पाण्याने तीन-चार वेळा धुवा. कॅम्बियमचं वर्तुळ येईल अशा ५ मिलीमीटरच्या चकत्या ठेवा. ज्या चकतीत ते वर्तुळ नाही तिला कॅलस उशिरा आणि कमी येतो. २५ अंशांवर अंधारात तीन-चार आठवड्यांत कॅलस दिसतो. तेवढ्याच अंतराने नव्या माध्यमात हलवावा लागतो.

पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्या बाटल्यांत एकदम बुरशी आली तर दोष ऑटोक्लेव्हचा किंवा हवेचा; फक्त तुकड्याभोवती आली तर धुण्यात कमी पडलं. तुकडा तपकिरी होत असेल तर लहान काप घ्या आणि लवकर हलवा.

स्कूग आणि मिलर यांनी १९५७ साली तंबाखूच्या ऊतीवर दाखवलं की ऑक्सिन आणि सायटोकायनिन या दोन वाढीच्या संप्रेरकांपैकी ऑक्सिन जास्त दिलं तर मुळं येतात, सायटोकायनिन जास्त दिलं तर कोंब येतात, आणि दोन्हींचा मधला तोल राखला तर कॅलस वाढत राहतो. मात्र कॅलसमध्ये फार काळ वाढलेल्या पेशींत जनुकीय बदल साचत जातात. जळगाव भागात लागणारी ग्रँड नैन या केळीच्या जातीची ऊतीसंवर्धित रोपं म्हणूनच कोंबाच्या टोकापासून थेट बनवतात, कॅलसच्या वाटेने नाही, आणि पिढ्यांची संख्याही मर्यादित ठेवतात. रोपं घेताना हे दोन प्रश्न विचाराच. बागेत बुटकी, विचित्र पानांची झाडं निघाली तर कारण बहुधा इथेच असतं.

गवताच्या पुस्तकात कॅलस भेटला तर तो आणखी तिसराच. कुसळी गवताच्या दाण्याच्या बुडाशी जे टोकदार, उलट्या केसांचं कडक टोक असतं त्यालाही कॅलस म्हणतात. तेच कपड्यात आणि मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसतं. उपाय एकच: कुसळ धरायच्या आत, फुलोऱ्यावर येतानाच गवत कापणं. कॅलोज हे मात्र पेशीभित्तिकेतल्या शर्करेचं नाव, आणि मेंदूतला कॉर्पस कॅलोसम हा दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा पट्टा. दोन्ही म्हणजे कॅलस नव्हेत.

मोडलेल्या हाडाचा कॅलस

हाड मोडलं की आधी तिथे रक्ताची गाठ होते. पहिल्या आठवड्यात सूज आणि सफाईचं काम चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कूर्चेसारखा मऊ कॅलस दोन्ही टोकांना धरू लागतो. पुढे त्यात कॅल्शियम बसून कडक कॅलस होतो. प्रौढांत त्याला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. त्यानंतर महिने, कधी वर्षं, शरीर जादाचा भाग काढून हाडाला मूळ आकाराकडे नेत राहतं. मनगटाचं फ्रॅक्चर साधारण ६ आठवड्यांत धरतं, नडगीला ३ ते ४ महिने किंवा जास्त. लहान मुलांत हा काळ बराच कमी.

मऊ कॅलस एक्स-रेत दिसत नाही. प्रौढांत तो दिसू लागतो ३ ते ६ आठवड्यांनी, त्यामुळे दहाव्या दिवशीच्या एक्स-रेत काही नाही म्हणून घाबरू नका. तो एक्स-रे हाड सरकलं नाही ना हे बघायला असतो. आणि कॅलस दिसला म्हणजे वजन टाकायला परवानगी मिळाली असंही नाही. समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन एक्स-रेंत हाडाच्या मिळून चार कडा दिसतात. त्यांपैकी निदान तीन कडांवर कॅलसचा पूल झाला आहे का हे तज्ज्ञ पाहतात.

प्लेट घट्ट दाबून बसवली असेल तर कॅलस जवळजवळ दिसतच नाही. टोकं हलतच नाहीत, म्हणून हाड थेट जुळतं, आणि ते अपेक्षितच असतं. प्लास्टर, रॉड किंवा बाहेरच्या फ्रेममध्ये टोकं किंचित हलतात, म्हणून तिथे कॅलस यायलाच हवा. शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच भेटीत विचारा: माझ्या बाबतीत कॅलस दिसायला हवा का, आणि केव्हा?

हाड जुळलं नाही तर दोन चित्रं दिसतात. एकात कॅलस भरपूर असतो, पण मधली फट कायम. मुळं नसलेल्या काडीवरच्या गोळ्यासारखंच हे आहे. इथे पेशी जिवंत आहेत, स्थैर्य कमी पडलं आहे. जास्त भक्कम रॉड किंवा प्लेट घातली की बहुधा भरून येतं. दुसऱ्यात कॅलसच नसतो, टोकं निमुळती होतात. इथे रक्तपुरवठा कमी पडलेला असतो किंवा जंतुसंसर्ग असतो, आणि बऱ्याचदा कंबरेच्या हाडातून कण काढून भरावे लागतात. कुठल्या प्रकारात आपण आहोत हे कळल्याशिवाय दुसऱ्या शस्त्रक्रियेला होकार देऊ नका.

पहिल्या काही आठवड्यांत मोडलेल्या जागी मालीश किंवा ओढाताण म्हणजे मऊ कॅलस पुन्हा पुन्हा फोडणं. लहान मुलांच्या कोपराजवळ असं चोळल्याने स्नायूतच हाड तयार होऊन कोपर कायमचा आखडतो. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या तर हाता-पायाचा रक्तपुरवठा थांबतो, आणि त्यात अवयव गमावणारी माणसं आजही दवाखान्यांत येतात. प्लास्टरमध्येही हा धोका आहे. वेदना औषधानंही वाढतच चालली, बोटं पांढरी-निळी पडली, बधिर झाली, किंवा दुसऱ्याने बोट सरळ केल्यावर जीव जाईल अशी कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी दवाखान्यात जाऊन प्लास्टर उघडायला सांगा.

पहिले दोन-तीन दिवस अवयव उशांवर हृदयाच्या पातळीच्या वर ठेवा. बोटं दर तासाला उघडा-मिटा. खाज आली तर सळई, पट्टी, पेन्सिल आत घालू नका. आतली जखम बाहेरून दिसत नाही. थोडंच वजन टाका असं सांगितलं असेल तर अंदाजाने टाकू नका. वजनकाट्यावर मोडलेला पाय ठेवून सांगितलेला आकडा, समजा २० किलो, येईपर्यंत दाब द्या आणि तो दाब पायाला ओळखायला शिकवा.

बिडी, सिगारेट, तंबाखू, मिसरी हाड जुळेपर्यंत पूर्ण बंद. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं आणि कॅलसला नेमकी रक्ताचीच गरज असते. वेदनाशामक गोळ्या आठवडेच्या आठवडे स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यातल्या काही हाड जुळण्याचा वेग कमी करू शकतात. ६० किलोच्या माणसाला रोज ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. डाळ, उसळ, दही, अंडी, मासळी यांतून ती जुळवा. १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, २५० मिली दुधातून सुमारे ३००. गोळ्यांचा मारा करून हाड लवकर जुळत नाही. ड जीवनसत्त्व मात्र तपासून कमी असेल तर भरून काढा.

गळ्याच्या हाडाचं फ्रॅक्चर जुळताना कातडीखाली कडक गाठ हाताला लागते. तो कॅलसच. बाळंतपणात गळ्याचं हाड मोडलेल्या नवजात बाळाला ती ७ ते १० दिवसांनी लागते आणि घरचे हादरतात. बालरोगतज्ज्ञांना दाखवून खात्री करा; गाठ पुढे काही महिन्यांत विरून जाते. तिला तेल लावून चोळू नका.

घट्टा, कुरूप आणि चामखीळ

कातडीचा कॅलस म्हणजे वारंवार दाब आणि घर्षणाने वरचा मृत थर जाड होणं. तो पसरट असतो, कडा अस्पष्ट, मध्ये खिळा नसतो. कुरूप लहान असतं, मधोमध कडक खिळा असतो आणि सरळ दाबल्यावर टोचतं. तळपायाच्या चामखिळीत कातडीच्या रेषा तुटतात, काळे ठिपके दिसतात आणि बाजूने चिमटीत धरल्यावर जास्त दुखतं. ती विषाणूची असते, तिला वजरीने घासून पसरवू नका.

विळा, कुदळ, हातोडा धरणाऱ्या हाताचे घट्टे संरक्षण करतात. ते काढून टाकले तर दुसऱ्या दिवशी फोड येतात. फक्त कडा उचलली जात असेल किंवा भेग पडत असेल तर ओलसर करून कडा घासा.

पायाचा दुखरा घट्टा: कोमट पाण्यात १० मिनिटं पाय ठेवा, वजरीने एकाच दिशेने हलकेच घासा, गुलाबी कातडी दिसायच्या आधी थांबा, आणि १० ते २० टक्के युरियाचं मलम लावून मोजे घाला. दोन-तीन आठवडे रोज. एका बैठकीत सगळा काढायला गेलात तर रक्त येतं. सॅलिसिलिक ॲसिडची पट्टी फक्त कडक भागाएवढी कापून लावा, आजूबाजूची कातडी ती जाळते.

मग चपला-बूट तपासा, कारण खरं काम तिथेच आहे. पाय संध्याकाळी मोजा, तेव्हा तो सर्वात मोठा असतो. लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. कागदावर पाय ठेवून रेघ मारा आणि बूट त्या चित्रावर ठेवा. चित्र बुटाबाहेर डोकावलं तर घट्टा परत येणार.

पंढरीच्या वाटेवर आळंदीपासून साधारण २५० किलोमीटर चालणाऱ्यांनी ही तयारी महिनाभर आधी सुरू करावी. जाड, कोरडा घट्टा चालताना तडकतो आणि त्याच्याखाली पाण्याचा फोड येतो, जो बाहेरून दिसतच नाही. नवी चप्पल वारीत पहिल्यांदा घालू नये.

मधुमेह असेल तर यातलं बरंच करायचं नाही. ब्लेड नाही, सॅलिसिलिक ॲसिडची पट्टी नाही, गरम पाण्यात पाय भिजवणं नाही; पाय धुतानाही पाण्याचं तापमान पायाने न बघता कोपराने बघा. संवेदना कमी झालेल्या पायात घट्टा हा बुटातल्या खड्यासारखा काम करतो: खालच्या मांसावर दाब वाढत जातो, दुखत नाही, आणि घट्ट्याआड जखम तयार होते. घट्ट्यात लालसर-काळा डाग दिसला तर ते आत साचलेलं रक्त असतं. त्याच दिवशी चालणं कमी करा आणि पायाच्या तज्ज्ञांकडे जा. वर्षातून एकदा तरी १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (ठराविक दाब देणारा नायलॉनचा तंतू) तळपायाची संवेदना तपासून घ्या.

तज्ज्ञांनी घट्टा छिलला की त्या जागेवरचा सर्वाधिक दाब साधारण पाव हिस्सा उतरतो. पण बूट तेच राहिले तर काही आठवड्यांत घट्टा पुन्हा जमतो. म्हणून छिलून झाल्यावर त्याच भेटीत पायाचा दाब मोजून इनसोल बनवायला द्या, आणि पुढच्या भेटीला तो बुटात घालूनच जा.